तिसरी फीत

थंडी सरत आल्यावर लोकरीचा कोट विकत घेणारा माणूस साऱ्या मुलखात एखादाच निघायचा, आणि तो नेमका ह्याच घरात निघाला. इस्तारी चिमूरच्या घोडायात्रेहून तिसऱ्या दिवशी सकाळी परतला तो अंगात खाकी मिलिटरी कोट चढवून, कपाळावरून घाम गाळत. यात्रेत जुने फौजी कपडे ढिगानं विकायला आले होते म्हणे. लढाई संपून दहा वर्षं होत आली, पण तिचे कपडे काही संपत नव्हते.

"काऊन भाऊजी, आतून भट्टी लावून आनली का कोटाले?" गिरजा हसत म्हणाली. इस्तारी तिचा धाकटा दीर. त्याच्याशी बोलताना तिची जीभ मोकळी सुटायची. "द्या इकडं. बाही उसवली हाये. शिवून देतो मी."

सुई घेऊन ती घरापुढच्या सपरीत बसली, बाही मांडीवर पसरली, आणि तिचा हात थांबला.

बाहीवर तीन फित्या होत्या, हवालदाराच्या असतात तशा, टोकं खाली केलेल्या. वरच्या दोन एकसारख्या, यंत्रावर शिवलेल्या. तिसरी जराशी रुंद, जराशी तिरपी, हातानं लावलेली. ती लावली होती तांबूस-काळपट दोऱ्यानं, आणि असा दोरा कुठल्याच शिंप्याकडे नसतो. हा जाळ्याचा दोरा होता. टकळीवर पीळ दिलेला, ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळलेला. दर दोन टाक्यांनंतर एक गाठ ओढून बसवलेली होती आणि ती डावीकडून फिरली होती. गिरजानं ह्या ढिवराच्या, मासेमारी करणाऱ्या घरात पंधरा वर्षं जाळी विणली होती. कुणाचा हात कुठून वळतो हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. डावरा ह्या घरात एकच होता.

मनसाराम. तिचा नवरा.

त्रेचाळीस सालच्या शिमग्याला तो रजेवर आला होता तेव्हा बाहीवर दोन फित्या होत्या, नाईकाच्या. परत जाताना त्यानं जाळ्याच्या दोऱ्याचा एक गुंडा ट्रंकेत टाकला होता. त्यावर सोमाजी, थोरला भाऊ, म्हणाला होता की बर्मात काय सरकार तुले तलाव ठेक्यानं देनार हाये का. त्या दिवाळीला कागद आला. मनसाराम बेपत्ता. मेला असं कागद म्हणत नव्हता, आहे असंही म्हणत नव्हता, आणि तेव्हापासून गिरजा त्या कागदासारखीच दोन्हींच्या मध्ये लटकली होती. सासू गुणाबाई कुणाला 'गेला' हा शब्द उच्चारू देत नसे.

पंचांनी मात्र हिशेब सोपा केला होता. माणसाची शेवटची खूण मिळाल्यापासून बारा वर्षं झाली की बायको मोकळी. येत्या शिमग्याला बारा पुरी होत होती, आणि शिमगा झाला की नवरगावच्या वारलूशी तिचा पाट लागायचा होता. वारलू विधुर होता, दोन पोरींचा बाप, धानाची थोडी शेती बाळगून. गावात येऊन पंचांशी बोलून झाल्यावर तो मुद्दाम तलावाच्या पाळीवर आला होता, आणि जाळं वाळत घालणाऱ्या गिरजाला त्यानं विचारलं होतं, "तुमची मर्जी हाये का?" बारा वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिची मर्जी होती. चांगली भरपूर होती.

म्हणून तर बाही मांडीवर असताना तिची नजर चुलीकडे गेली. कोट गुंडाळून चुलीत घातला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण खरं काय ते जाणून घ्यायची खाज तिला लहानपणापासूनची. पाण्यात बुडबुडा दिसला की हात घालून पाहणारी ती. हे न पाहता दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय टाकला तर तिथंही तिला झोप लागली नसती.

"आत्याबाई," तिनं हाक मारली. "जरा इकडं या."

गुणाबाईला दिसायचं कमी झालं होतं. तिनं बोटं फिरवली, आणि बाहीच उराशी धरून बसली. "माह्या पोराचा हात हाये हा," एवढंच म्हणाली. मग रडायला लागली आणि सारं घर सपरीत गोळा केलं.

सोमाजी तलावावरून ओल्या पायानंच आला. तो गिरजाचा भासरा. ती डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे सरकली. पंधरा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, तशी रीतच नव्हती. काही सांगायचं असलं तर त्याची बायको कुंता मध्ये असायची, आणि मध्ये असण्याची कुंताला हौसही होती.

सोमाजीनं कोट उलटापालटा केला. "हे दंडारीच्या खेळातलं सोंग असंल. कोन्या शिपायाच्या सोंगाले घातला असंल कोट, अन फित्या कमी पडल्या तं एक डकवली."

"अन जाळ्याच्या दोऱ्यानं डकवली?" गिरजा कुंताकडे पाहून म्हणाली. "बाई, त्याईले इचारा, दंडारीत ढिवराचं सोंग कवापासून निघालं?"

कुंतानं विचारायची गरज नव्हती, सोमाजीनं ऐकलंच होतं. त्यानं खाकरून इस्तारीला गुणवंतरावांकडे पिटाळलं.

गुणवंतराव गावातले एकुलते एक पेन्शनीत निघालेले फौजी. अठरा वर्षं नोकरी, बर्माची लढाई, आणि बाहीवर शेवटपर्यंत दोनच फित्या. तिसरी का मिळाली नाही ह्याची त्यांच्याकडे निदान चार कारणं होती आणि चारांतही कुठला ना कुठला साहेब दोषी होता. ते आले, खाटेवर बसले, चष्मा लावला, आणि तीन फित्या दिसताच त्यांचं तोंड आंबट झालं.

"नकली," ते म्हणाले.

"पाह्यलं नाई तुमी नीट, भाऊ," इस्तारी म्हणाला.

"पाहाचं काय त्याच्यात? फौजेत हवालदाराचा बिल्ला येते तं तीन फित्या एकाच कपड्यावर शिवून येते. स्टोरातून. जुना बिल्ला जमा करा, नवा घ्या, अंगठा लावा. नाईकाच्या बिल्ल्याले खालून तिसरी फीत चिकटवली असं मी अठरा वरीस पाह्यलं नाई. ज्यानं हे केलं त्याले हक नोता. परेडवर सापडला असता तं साहेबानं दोन्ही होत्या त्याई उतरवल्या असत्या."

"म्हंजे माहा पोरगा चोट्टा?" गुणाबाईनं विचारलं.

गुणवंतराव चपापले. माणूस वाईट नव्हता, फक्त तिसऱ्या फितीचं नाव निघालं की जरा वाकडा व्हायचा. त्यांनी चष्मा पुसला, बाही उन्हात धरली आणि या खेपेला खरोखर पाहिलं. वरच्या दोन फित्यांवर नख घासलं. तिसरीवर घासलं. वास घेतला.

"वरच्या दोन असली हायेत," ते सावकाश म्हणाले. "सरकारी माल. खालची..." त्यांनी फितीचा काठ दोन बोटांत चोळला. "ही मच्छरदानीची कोर हाये. बर्मात प्रत्येकाले मच्छरदानी भेटे. तिच्या कडेची पट्टी कापली, अन भिजवून, मातीत घोळून खाकी केली. पाहा, शिवनीच्या खाली अजून पांढरी हाये."

गिरजानं वाकून पाहिलं. खरंच, टाक्याखाली कापूस बगळ्यासारखा पांढरा होता. ती पदर विसरून आणखी पुढं सरकली.

"मंग असं काऊन केलं असंल, भाऊ?" तिनं विचारलं. गुणवंतराव नात्यातले नव्हते, त्यांच्याशी बोलायला बंदी नव्हती.

गुणवंतरावांनी चष्मा काढला. "एक येळ असी येते, बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "जंगलात पलटन फुटते. रस्ता नाई, स्टोर नाई, दफ्तर नाई. हवालदार पडते. मंग जो साहेब जिता असंल तो म्हनते, आजपासून तू हवालदार, ह्या पोराईले बाहेर काढ. तोंडी. कागद नाई. पन पोराईले अंधारात समजलं पायजे का कोनाचं आयकाचं. म्हनून तो मानूस जे हाताशी असंल त्याची फीत बनवते. आमच्या तिथी एकानं रकान्याच्या, पोत्याच्या सुताच्या दोन लावल्या होत्या. परत आल्यावर दफ्तरानं काढाले लावल्या." त्यांनी बाही खाली ठेवली. "हे नकली नाई, गुणाबाई. हे बेकायदा हाये. दोन्हीत फरक हाये. कोन्यातरी साहेबानं तुह्या पोराच्या हातात मानसं देली होती."

गुणाबाईनं डोळे पुसले आणि आजूबाजूच्या सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू तिनं हे आधीच सांगितलं होतं. गिरजालाही क्षणभर अभिमान वाटला. मनसाराम तिला फारसा आठवतच नव्हता. तेरा-चौदाची असताना लग्न, मग वर्षादीडवर्षात एखादी रजा. पण अंधारात माणसं बाहेर काढणारा तो डावरा हात तिला अचानक ओळखीचा वाटला.

"मागून पाहाले पायजे," गुणवंतराव म्हणाले. "कोनी कोनी मागच्या कपड्यावर नंबर लिहे. बिल्ला एका कोन्यातून उसवा."

उसवायचं काम गिरजाकडे आलं. तिनं सुईच्या टोकानं कोपरा सोडवला, बिल्ला उचलला. नंबर नव्हता. बिल्ला आणि बाही यांच्या मध्ये तांबूस दोऱ्याची शेव, शिवून उरलेलं लांब टोक, दुमडून ठेवली होती. तिनं ती बोटानं ओढली आणि तिच्या अंगठ्याखाली गाठ आली. मग दुसरी. मग तिसरी.

तिनं मूठ मिटली.

सगळे तिच्याभोवती होते, पण शेव तिच्या मुठीत होती आणि अजून कुणी पाहिली नव्हती. नखानं दाबलं असतं तर तुटली असती. धुळीत पडली असती, कोंबडीनं उचलली असती. शिमगा आला असता आणि वारलूही आला असता. गिरजानं नख दाबून पाहिलंसुद्धा. मग तिनं हात उघडला.

"गाठी हायेत," ती म्हणाली. "चार."

"कायच्या गाठी?" गुणवंतरावांनी विचारलं.

उत्तर इस्तारीनं दिलं, आणि देताना त्याचा आवाज चढत गेला. "आमच्या घरची रीत हाये, भाऊ. आज्यापासून. नवीन जाळं केलं का त्याची शेव मोकळी ठेवतो. दरसाल आखाडीले शेवेवर एक गाठ. जाळं किती वरसाचं हाये ते अंधारातई समजते. अन जाळं म्हातारं झालं का शेव उलटी फिरवून दुहेरी गाठ मारतो, दातानं तोडून टाकतो. त्याले मिटवनं म्हनते. मिटवलेलं जाळं मंग आमच्या घरचं कोनी पान्यात टाकत नाई. चार गाठी म्हंजे चार आखाड्या! मनसारामदादानं चार आखाड्या पाह्यल्या!"

गुणवंतराव बोटांवर मोजू लागले. "शिमग्याले आला तवा दोन फित्या होत्या. म्हंजे तिसरी त्याच्यानंतरची. पयली गाठ लवकरात लवकर त्रेचाळीसच्या आखाडीची. मंग चव्वेचाळीस, पंचेचाळीस..." ते थांबले. "चवथी सेचाळीसची. लढाई तं पंचेचाळीसच्या पोळ्याच्या आगंमागं संपली."

आता सगळ्यांनीच मोजलं. कुठूनही मोजा, चौथी गाठ लढाई संपल्यावरचीच होती.

गिरजाला खरं तर रडू यायला हवं होतं. आला तो राग. लढाई संपली, फौजा घरी आल्या, गुणवंतराव आले, आणि हा माणूस कुठंतरी बसून शांतपणे आखाडीची गाठ पाडत होता. इकडे ती दर आखाडीला त्याच्या नावाचा घास बाजूला काढत होती.

तेवढ्यात गुणाबाईनं झडप घालून बाहीसकट बिल्ला तिच्या हातातून ओढला आणि मुठीत आवळला. पण ओढण्याच्या आधी, अगदी एक निमिष, शेवेचं टोक गिरजाच्या अंगठ्याखालून सरकलं होतं. टोक जाड होतं, आणि त्याच्यापुढं दोरा नव्हता.

"जिता हाये," गुणाबाई म्हणाली. "माहा पोरगा जिता हाये."

"माय, शेव पाहू दे," इस्तारी म्हणाला. "मिटवली हाये का मोकळी हाये?"

म्हातारीची बोटं मुठीतल्या मुठीत हलली. बराच वेळ हलली. "मोकळी हाये."

"दाखव ना."

"आंधळी समजते का मले? साठ वरीस जाळे करून राह्यली मी. मोकळी हाये म्हनते तं मोकळी हाये!"

सोमाजीनं सुस्कारा सोडला. गिरजानं तो ओळखला, सुटका झाल्याचा होता. तिच्यासारखं जाळं विणणारं माणूस घरातून जाणार ह्याचं दुःख त्याला पंचांच्या बैठकीपासून होतं. "झालं तं मंग," तो म्हणाला. "शेवटची खून सेचाळीसची. बारा वरीस अठ्ठावन्नले होतीन. पंचाईले सांगा लागन. वारलूले आजच निरोप धाडतो का थांब म्हना तीन-चार वरीस."

"तीन-चार वरीस?" कुंता ताडकन म्हणाली. गिरजाशी तिचं चुलीवरून, लाकडांवरून, पाण्याच्या घागरींवरून रोज वाजायचं. हा पाट लवकर व्हावा असं तिला वाटत असे ते जाऊची ब्याद टळावी म्हणून, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता तिचे डोळे भरले होते. "अवं, लढाई संपली तरी जो मानूस बायकोकडं आला नाई, त्याच्यापायी हिनं पस्तीशी गाठावं? अन तो वारलू काय तवरक पाळीवर बसून राहीन? मले असं केलं असतं तं म्या फित्यासकट जाळला असता तुमचा कोट!"

"तू गप्प राह्य!"

"नाई राहात!"

"वयनी म्हनते ते खरं हाये," इस्तारी म्हणाला, मग लगेच, "पन दादा जिता असंल तं? मी जातो नं पाहाले. कलकत्त्यावरून गठ्ठे येते म्हने कोटवाला. मी जातो."

सारे एकदम बोलू लागले. गुणवंतराव खाटेवरून उठून जोडे शोधू लागले. आणि त्या गोंगाटात गिरजा उठून उभी राहिली, पदर डोक्यावर नीट घेतला, आणि सरळ सोमाजीकडे तोंड करून म्हणाली,

"निरोप धाडू नका, भाऊजी."

कुंताच्या तोंडाचा आ तसाच राहिला. सोमाजी मागं सरकला, जणू तिनं त्याला हात लावला होता.

"आत्याबाईनं सांगतलं शेव मोकळी हाये," गिरजा म्हणाली. "तं खरंच असंल. त्याईच्यापेक्षा मले जास्त समजत नाई. पन ह्या घरची रीत हाये, जाळं कोठीत राहून गेलं अन गाठी पाडाच्या राह्यल्या तं मायनं बसून राह्यलेल्या गाठी एकदम पाडाव्या. मागच्या साली त्या लहान जाळ्याच्या आत्याबाईनंच पाडल्या." ती सासूपुढं बसली. "सेचाळीसपासून आजवर आठ आखाड्या गेल्या. पाडा आठ गाठी. मी मोजतो. आठवी पडली का मीच नवरगावले जाऊन सांगतो, वारलूभाऊ, दुसरी पाहा."

गुणाबाईनं मूठ उघडली नाही.

"पाडा नं, आत्याबाई."

म्हातारीनं दोन्ही हात मांडीवर आणले. बिल्ला डाव्या हातात धरला, उजव्या हाताच्या चिमटीत शेव पकडली. बोटं टोकाकडे सरकली. गाठ पाडायला निदान चार बोटं दोरा लागतो. बोटं टोकापर्यंत गेली, मागं आली, पुन्हा गेली. तिथं एक जाडसर दुहेरी गाठ होती आणि गाठीपुढं काहीच नव्हतं. तोडलेल्या टोकावर दातांनी चेपल्याची खूण इस्तारीला उभ्यानं दिसली. त्यानं तोंड फिरवलं.

तरी गुणाबाई शोधत राहिली. कपड्याच्या आत, फितीच्या खाली, बाहीच्या शिवणीत. कुणी तिला थांबवलं नाही. गिरजाला आपण फार दुष्टपणा केला असं वाटलं, आणि तरी आपण तो पुन्हा केला असता हेही तिला कळत होतं.

शेवटी म्हातारीचे हात थांबले.

"मले समजलंच होतं," ती म्हणाली. "हात लागला तवाच समजलं होतं."

"माय..." सोमाजी म्हणाला.

"मी त्याले शिकवली होती नं ही गाठ. सात वरसाचा होता. डाव्या हातानं जमे नाई त्याले, रडे." ती गिरजाकडे पाहत नव्हती, बाहेर उन्हात पाहत होती. "कुठी असंल, कोनाजवळ असंल, असंल का नसंल, देवाले ठाऊक. पन त्यानं बसून मिटवलं. आपल्या हातानं. बायकोलेच मिटवलं असं मी म्हनत होती मनात. पन हे जाळं तं माह्या घरचं होतं नं?"

गिरजाचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं सासूचे हात धरले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ते तिला हलके लागले.

"आत्याबाई, तुमी म्हना तं मी..."

"काही म्हनू नोको." गुणाबाईनं आपले हात सोडवले आणि त्याच हातांनी गिरजाला खांद्याला धरून उठवलं, जरा जोरातच.

"त्यानं आपल्या दोघींलेई सोडलं, पोरी. मी म्हातारी आता कुठी जाऊ? तू जाय."